सेन्सर उत्तर देत नाही

पुन्हा तीच ओळ. ‘तापमान सेन्सर उत्तर देत नाही.’ मग दुसरी, तिसरी. बघता बघता तिचा अख्खा स्क्रीन त्याच पिवळ्या ओळींनी भरून गेला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम ती लिहीत होती. एक पेटी चाचणीसाठी तिच्या टेबलावर होती, दुसरी परवाच एका दवाखान्यात बसवली होती. या इशाऱ्यापायी तिच्या टीमने सेन्सर बदलले, वायरी बदलल्या. सेन्सर दर वेळी ठणठणीत निघाला.

“खोटा इशारा आहे, बंद करून टाक,” टीमचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे दादाच म्हणत. “दवाखान्यातल्या पेटीत केलाच ना आपण? उगाच डोक्याला ताप.”

बंद करण्याआधी तिने हीटरचा ड्रायव्हर, म्हणजे हीटर चालवणारा प्रोग्राम, उघडून बघितला. सेन्सर आणि हीटर एकाच वायरीवरून बोलत. आपलं झालं की हीटरने वायर मोकळी करायची. तो कधी कधी ती सोडतच नव्हता.

“दादा, सेन्सर धडधाकट आहे. त्याला कुणी बोलू देत नाहीये.”

“मग पेटीच्या स्क्रीनवर तापमान दिसतं ते?”

“शेवटचं ऐकलेलं. तेच दाखवत राहतो आपण. आणि हीटरही त्याच जुन्या आकड्यावर तापत राहतो.”

तिने टेबलावरच्या पेटीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. हात पोळला होता. पेटीचा स्क्रीन म्हणत होता, सगळं ठीक.

तिने दवाखान्यात फोन लावला. वॉर्डातल्या नर्सने उचलला.

“सिस्टर, पेटीवर तापमान किती दिसतंय?”

“साडेछत्तीस. सकाळपासून जराही हललं नाही. छान चाललंय.”

“बाळाला बाहेर काढा! आधी काढा, मग बोला!”

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. धावती पावलं. मग बराच वेळ काहीच नाही. दादा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

नर्स परत आली ती धापा टाकत. “पेटी नुसती भाजतेय हो, मॅडम! पण बाळ आत नाहीये. रडायचं थांबेना म्हणून मघाशी आईने त्याला उचललं होतं. स्क्रीनवर सगळं ठीक होतं, म्हणून मी ओरडून परत ठेवायला लावलं.”

“मग?”

“माझी पाठ वळताच तिने पुन्हा काढलं. छातीशी धरून कोपऱ्यात बसलीये. मला बघून घाबरली बिचारी.”