दुसरी गाडी

म्हैसूरच्या शोरूममधल्या दोन आलिशान गाड्यांपैकी काळी रघुनाथरावांनी मनात कधीच पक्की केली होती. तरुणपणापासून तशीच गाडी दारात उभी करायचं त्यांचं स्वप्न होतं. पण आता बायकोला, गिरिजाबाईंना, केमोसाठी सारखं बंगळूरला न्यावं लागे आणि दुखण्यानं त्यांची झोप उडाली होती. म्हणून दोन्ही गाड्यांतून त्यांना फिरवून पाहायचं ठरलं. सेल्समननं काळी गाडी वाऱ्यासारखी पळवली. “छान आहे हो, घेऊन टाका,” गिरिजाबाई म्हणाल्या; पण दारावरचं हँडल त्यांनी शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं. मग ते पांढऱ्या गाडीतून निघाले. हेब्बाळच्या वळणावर रघुनाथरावांनी मागे पाहिलं. सीटला डोकं टेकवून त्या गाढ झोपल्या होत्या. शोरूमच्या फाटकाशी सेल्समननं विचारलं, “सर, मग कुठली बुक करू?” “हीच,” रघुनाथराव कुजबुजले, “पण थांबू नका. सावकाश, हळूहळू लांब तलकाडपर्यंत चला.”