अप्पांच्या सीडीचं प्लास्टिक

"रोज ऐकतो म्हणून सांगितलंयस ना अप्पांना? मग घास आता!" वृषालीने खोबरेल तेलाची बाटली नवऱ्यासमोर आपटली.

निवृत्त झाल्यावर तिच्या वडिलांनी हौसेने स्वतःच्या अभंगांची सीडी काढली होती. जावयाला दिलेली डबी बारा वर्षांनंतरही प्लास्टिकच्या वेष्टनातच होती, आणि अप्पा तासाभरात मुक्कामाला येणार होते. वेष्टन डबीला घट्ट चिकटलं होतं. सुधन्वाने ते हेअर ड्रायरने तापवून सोललं, उरलेला गोंद तेल लावून नखाने खरवडला. शेवटची पट्टी निघाली आणि बेल वाजली.

अप्पांनी डबी हातात घेतली. "वा जावईबापू! वापरून वापरून कशी गुळगुळीत झालीये! लावा बघू."

सुधन्वाने सीडी लावली. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "घरबसल्या कानडी शिका. धडा पहिला."

"चुकलो, अप्पा," सुधन्वा पुटपुटला. "आजच उघडली."

अप्पांनी सीडी बंद केली. एकाच खोक्यातल्या तीनशे सीड्या त्यांनी घरोघरी जाऊन वाटल्या होत्या, स्वतःला एकही ठेवली नव्हती. सगळ्यांनी फोन करून त्यांच्या आवाजाचं कौतुक केलं होतं.

मग त्यांनी भजनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला.

"दामूअण्णा, माझी सीडी ऐकता ना अजून?"

"म्हणजे काय! रोज पहाटे. अख्खी पाठ झालीये!"

"छान," अप्पा म्हणाले. "मग दोन वाक्यं बोला बघू कानडीत."