टीव्हीची सोबत

कल्पना करा मुलांनो, तुम्ही पक्ष्यांच्या दुकानात उभे आहात आणि तुमच्या मामाच्या खांद्यावर पोपट बसला आहे. गौतमी अगदी तशीच मामासोबत उभी होती. तिचा मामा एकटाच राहायचा, सकाळी आठला नोकरीवर निघायचा आणि रात्री आठला परतायचा. घरी आल्यावर बोलायला त्याला कोणीतरी हवं होतं, म्हणून तो पोपट विकत घ्यायला आला होता.

"दिवसभर घरी कोण असतं?" दुकानदाराने विचारलं.

"कोणी नाही. टीव्ही लावून जाईन, याला सोबत होईल."

गौतमीला संताप आला. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत तीही रोज बंद घरात टीव्हीसमोर एकटी बसायची.

"मामा, टीव्हीला हाक मारली तर तो ओ देतो का?"

"अगं, पक्षी आहे तो. त्याला काय कळतंय?"

"मग गप्पा मारायला त्यालाच कशाला नेतोस?"

दुकानदार हसला. "साहेब, द्या आता उत्तर."

मामाने चिडून पाकीट काढलं. "डोकं खाऊ नकोस. माझं ठरलंय."

गौतमी स्टुलावर चढली. तिने मामाच्या खांद्यावरून पोपटाला बोटावर घेतलं, मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांमध्ये सोडलं, कडी लावली आणि पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.