गळतीची चाचणी

"अप्पा, काटा हलला की सांगा," मी विमानाच्या शेपटीजवळून ओरडलो.

नऊ वर्षं खपून आम्ही बापलेकांनी शेडमध्ये ते बांधलं आणि काल डॉक्टरांनी अप्पांचं हृदय तपासून उडायला कायमची मनाई केली. उभ्या विमानात बसण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

उंचीमापकाची नळी गळते का, हे पाहायला मी तिला सिरिंज लावून हवा ओढली. हवा विरळ झाली, की आपण उडालो अशी यंत्राची समजूत असते.

"पाच हजार फूट!" अप्पांनी मफलर कानांवर ओढला.

"अप्पा, उतरा, चहा निवतोय," बायको दारातून म्हणाली.

"एवढ्या उंचीवरून एकदम उतरता येत नाही, सूनबाई."

मिनिटभर काटा स्थिर राहिला की चाचणी संपते. मिनिट केव्हाच उलटलं होतं. मी सिरिंजचा दट्ट्या धरूनच उभा राहिलो.