वरचं दूध

‘टोणगा हाय!’ हंबीरराव गोठ्यातूनच ओरडले आणि ओसरीवरच्या सगळ्यांची तोंडं उतरली. म्हशीला रेडी व्हावी म्हणून घर देव पाण्यात घालून बसलं होतं. पाच महिन्यांपूर्वी सुनेला पोरगी झाली तेव्हाही ही तोंडं अशीच उतरली होती. या घराला गोठ्यात मादी हवी होती आणि माजघरात नर, आणि देवानं दोन्हीकडं नेमकं उलटं वाढलं होतं.

सून राजनंदिनी दारात उभी होती. आता काय होणार ते तिला तोंडपाठ होतं. गेल्या वर्षीही टोणगाच झाला होता. तिची सासू अंबूबाई त्या रेडकाला आखूड दाव्यानं बांधत. धारेच्या वेळी सडाला तोंड लावू देत आणि म्हैस पान्हा सोडते न सोडते तोच ओढून बाजूला करत. रेडी असती तर एक सड तिच्यासाठी राखला असता. टोणग्याला कोण पोसतो? अठराव्या दिवशी रेडकू उठलंच नाही. ‘दगावलं,’ अंबूबाई म्हणाल्या. भारी सोयीचा शब्द. त्यात मरणारा असतो, मारणारा कुणीच नसतो. मग त्याच्या कातड्यात भाताचं पिंजर भरून ते म्हशीपुढं ठेवलं आणि ती खुळी माय ते चाटत चाटत रोज चरवी भरून देत राहिली.

राजनंदिनी कोल्हापुरातल्या गंगावेशीतली. तिथं कट्ट्यापाशी म्हैस उभी करून पिळलेलं फेसाळ दूध ती लहानपणापासून उभ्या उभ्या प्यायलेली. रेडकू कुठं आहे, असं तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं. ते पिंजराचं रेडकू बघितलं आणि तिनं दूध सोडलं. दही, ताक, तूप सोडलं. पुढं मटणही सोडलं. आसपासच्या बायका विचारत, ‘कुठल्या देवाला बोललीस गं?’ ती म्हणे, ‘देवाला न्हाई. माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई.’ दिवस राहिले तेव्हा घरानं पुष्कळ धमकावलं. बाळंतपणात तिनं नाचणी, तीळ, शेंगदाणे आणि खोबरं यांवर निभावलं. अंगावर दूध भरपूर आलं, पोरगी गुटगुटीत झाली, तेव्हा कुठं घराचं तोंड बंद झालं.

दुपारी रेडकू पायांवर उभं राहिलं. अंबूबाईंनी त्याला बांधलं आणि चीक काढून घेतला. शेजारीपाजारी खरवसाला वाटायचा होता. राजनंदिनी पोरीला, सुष्मिताला, मांडीवर घेऊन पाजत बसली होती. तिचा नवरा उदयसिंह समोर येऊन टेकला.

‘म्हैस व्याली ते एक बरं झालं,’ तो म्हणाला. ‘चीक सरला की सुष्मिताला वरचं दूध चालू कर. तुझं तोड.’

‘पाच महिन्यांची हाय ती.’

‘मग? अंगावर पाजत बसलीस तर पुन्हा दिवस कधी राहायचं? फुडच्या साली पोरगा पायजे घरात.’

तो हे इतक्या सहज म्हणाला की तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. पोरगा लवकर यावा म्हणून हिच्या तोंडचं तोडायचं, आणि हिला पाजायला त्या रेडकाच्या तोंडचं तोडायचं. तिनं पोरीला पाळण्यात ठेवलं, गोठ्यात गेली आणि रेडकाचं दावं सोडलं. रेडकू धडपडत आईला जाऊन चिकटलं.

सासरे हंबीरराव धावत आले. मागोमाग उदयसिंह आला. ‘बांध त्येला! न्हाईतर पोरगीला घे आणि म्हायेरचा रस्ता धर!’ तो गुरकावला.

‘तुम्ही दोघं भाईर व्हा,’ अंबूबाई पुढं झाल्या. त्यांनी दावं उचललं. ‘बगतो मी हिच्याकडं.’

बापलेक निर्धास्त होऊन बाहेर गेले. अशा कामाला अंबूबाईंचा हात पक्का होता, हे त्यांना ठाऊक होतं.

राजनंदिनी म्हशीच्या आडवी उभी राहिली. ‘आत्ती, तुम्ही बांधलं तर मी परत सोडणार. आणि माझ्या पोरीचं मी तोडणार न्हाई. म्हायेरला घालवा न्हाईतर कुठं घालवा.’

अंबूबाई दावं घेऊन पुढं सरकल्या. तिला रडू फुटलं. ‘रोज वडून काढता त्याला. तुमच्या हाताला कायच कसं वाटत न्हाई हो?’

‘हाताला सवय हाय,’ अंबूबाई म्हणाल्या. त्या दाव्याकडं बघत होत्या. ‘सासूनं लावली. माझी पयली पोरगी व्हती, सा म्हैन्यांची. अशीच म्हैस व्याली. सासू म्हनली, वरचं दूध दे, तुझं तोड. पोरगी पदराला झोंबायची. मी हात बाजूला करायचो. वरचं काय तिला सोसलं न्हाय. जुलाब लागलं. पंधरा दिसांत...’

तोच सोयीचा शब्द त्यांच्या तोंडाशी आला आणि त्यांनी तो गिळला. उदयसिंह हेच आपलं पहिलं मूल, असंच त्या आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. रेडकू कासेला ढुशा देत पीत होतं. अंबूबाईंनी त्याला ओढलं नाही.

‘आये, बांधलंस का न्हाय त्येला?’ बाहेरून उदयसिंह ओरडला.

अंबूबाईंनी मानेनंच दाराबाहेर दाखवलं.

‘आन वर्साच्या आत ह्यो झाला,’ त्या म्हणाल्या.