साडूची खोली

"हात लावून बघा ना, साडूभाऊ," साडू म्हणाला, आणि कप्तानाच्या पोटात दुखायला लागलं.

भिंतीवर पटाशा टांगल्या होत्या, मोठीपासून छोटीपर्यंत, ओळीनं. त्यांच्याखाली चिमटे, कानशी आणि सुईएवढी भोकं पाडणारं ड्रिल. खिडकी टेबलाच्या डाव्या अंगाला, म्हणजे हाताची सावली कामावर पडायला नको. हवा तसा वळणारा दिवा. आणि खोलीला दार. दाराला आतून कडी. त्या कडीवरून कप्तानाची नजर हटेना.

कप्तान हे नाव सासरच्यांनी ठेवलेलं. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं, पण लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करण्याचं वेड भारी. आतापर्यंत चार जहाजं झाली होती, चारही जेवणाच्या टेबलावर. साडूनं, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्यानं, हा नाद त्याच्याकडूनच उचलला. कप्तानाचं बघून बघून शिकला, दोन साध्या होड्या केल्या आणि मग एकदम ही खोली! हेच कप्तानाला जास्त झोंबत होतं. शिकवलं आपण आणि थाट याचा.

त्याच्या घरी काय होतं? फळीवर अर्धं जहाज, आणि जेवणाची वेळ झाली की ते फळीसकट कपाटावर. जहाजाच्या अंगाला चिकटवलेल्या पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवाव्यात, तर डिंक वाळायच्या आत "ताटं घेऊ का?" अशी हाक यायची. गच्चीत बसला तर वाऱ्यानं शिडं उडाली. बाथरूममध्ये ठेवलं तर लाकूड फुगलं. झोपायच्या खोलीत वार्निशच्या वासानं बायकोचं डोकं उठलं. सगळं घर पालथं घालून झालं होतं. उरली होती एकच जागा, बायकोची शिवणाची खोली. एवढीशीच, पण भरपूर उजेडाची. तिथं ती मशीनवर शेजारपाजारच्या मुलांचे कपडे शिवायची. ती खोली मिळावी म्हणून तो वर्षभर आडून आडून सुचवत होता आणि ती वर्षभर ऐकूच न आल्यासारखं करत होती. म्हणून आज त्यानं तिला इथं आणलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

"बघितलंस?" तो तिच्या कानाशी पुटपुटला. "याला म्हणतात कदर."

बायकोची धाकटी बहीण, म्हणजे साडूची बायको, दारात उभी होती. सगळे आत आले, तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती.

कप्तानानं एक पटाशी काढली. धार कोरी करकरीत. टेबलावर डिंकाचा एक डाग नाही. जमिनीवर भुशाचा कण नाही. त्याला आपल्या टेबलाची लाज वाटली. तिथं तर डाळीच्या डागाशेजारी वार्निशचा डाग होता. किती नेटका माणूस हा! खोली असली की नेटकेपणा आपोआप येतो, आमच्या नशिबी कुठला यायला?

टेबलाच्या मधोमध चादरीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. कप्तान तिकडे वळला.

"ते नका उघडू," साडू घाईघाईनं म्हणाला. "अजून चाललंय."

कप्तानाचा नुसता जळफळाट झाला. काय असेल? तीन डोलकाठ्या? दोन्ही बाजूंना तोफा? आपण पाचव्या जहाजाची फळी कपाटावर चढवतोय, उतरवतोय आणि हा इथं कडी लावून निवांत आरमार उभारतोय.

बायको मात्र खिडकीखालची जमीन बघत होती. तिथं अंथरलेल्या लिनोलियमवर चार खोल वण होते, वर्षानुवर्षं काहीतरी जड उभं असावं तसे. तिनं एकदा दारातल्या बहिणीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. उद्या मी मशीन हलवते. घ्या तुम्ही खोली."

तिचा आवाज जरा वेगळा होता. पण कप्तानाला आनंदच इतका झाला की त्यानं कारण विचारलं नाही. जिंकला होता तो. आता तोही साडूच्या तोडीचा. त्याच तोऱ्यात त्यानं चादर ओढली.

खाली खोकं होतं. जहाजाच्या सुट्या भागांचं, दुकानातून आणलेलं, शिडं फुगलेल्या जहाजाचं चित्र असलेलं. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

साडू स्टुलावर बसला. "खोली झाल्यापासून तसंच आहे ते," तो म्हणाला. "खरं सांगू, साडूभाऊ? तुमचं चौथं जहाज बघून आलो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हटलं, हा माणूस ताटवाट्यांच्या मधे बसून एवढं करतो, तर आपल्याला खोली मिळाली की याला कुठल्या कुठं मागं टाकू. मिळाली खोली. आता रोज येतो, दार लावतो, पटाशा पुसतो आणि बाहेर जातो."

कप्तानाच्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला सांगा, त्याला हसूच येत होतं. आपल्यावर जळून एका माणसानं अख्खी खोली उभी केली होती! हे बायकोला ऐकवायलाच हवं, म्हणून तो मोठ्या हौसेनं वळला.

ती दारात बहिणीजवळ गेली होती.

"खिडकीखालीच होतं ना गं तुझं मशीन?" ती हळू आवाजात विचारत होती. "मी माझं कुठं ठेवावं तेच कळत नाहीये. तू कुठं हलवलंस?"

"सगळ्या घरात फिरवून बघितलं, ताई," बहीण म्हणाली. "मग विकून टाकलं."