लाल लेबल

खचणाऱ्या पुलाच्या पायाची मूळ मोजमापे एकाच जुन्या संशोधनपत्रिकेत छापली होती. ती शोधत आलेला अभियंता तंत्रविद्यालयांच्या ग्रंथपालांच्या बैठकीत दाराशी बसला होता. संघाच्या अध्यक्षबाईंनीच नियम केला होता: जागेसाठी पत्रिकांचे जुने अंक खुशाल काढून टाका, पण एक संच कुणीतरी राखा आणि त्यावर लाल लेबल लावा. "आम्ही गेल्या वर्षीच काढले. म्हटलं, ताईंकडे असतीलच," खाणविद्यालयाचे ग्रंथपाल म्हणाले. "वा, दादा. मी तुमच्या भरवशावर रद्दीत घातले," शेजारच्या विद्यालयाच्या ग्रंथपाल ताई म्हणाल्या. बोटे फिरत फिरत अध्यक्षबाईंवर थांबली. "बाईंकडे असणारच. नियमच त्यांचा," एकजण म्हणाला.  बाईंचेही कपाट त्याच भरवशावर रिकामे झाले होते. "मग कुठल्या ग्रंथालयात जाऊ?" अभियंत्याने विचारले. "पुलावरून बस चालूच आहेत." बाईंनी पर्समधून लाल लेबलांची गुंडाळी काढली. तिचे वेष्टनही अजून फोडलेले नव्हते.